घरच्या दुरुस्तीसाठी ऑसिलेटिंग मल्टी-टूल: घ्यावं का, आणि घेतलं तर चालवावं कसं

घरात ड्रिल आहे, एखादा चार इंची कटर किंवा जिगसॉ आहे, आणि आता मल्टी-टूल, म्हणजे छोटं पातं झपाझप झुलवून कापणारं-खरवडणारं हातातलं यंत्र, घ्यायचं मनात आहे. अशा वेळी आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: तुम्ही नवीन वस्तू बनवता की बसवलेल्या वस्तू दुरुस्त करता?

नवीन टेबल, स्टूल, कपाट बनवणाऱ्याचं मल्टी-टूलवाचून फारसं अडत नाही. फळी बाकावर ठेवता येत असेल, तर साधी करवतसुद्धा ते काम जास्त सरळ आणि बऱ्याचदा जास्त लवकर करते. पण दाराची चौकट भिंतीतून काढून बाकावर आणता येत नाही. ओट्याखाली बसवलेल्या ट्रॉलीच्या मागच्या प्लायला सॉकेटसाठी चौकोन पाडायचा असतो, कमोडचा गंजलेला बोल्ट सिरॅमिकला चिकटून बसलेला असतो, भिंतीपासून दोन बोटांवर असलेला पाइप कापायचा असतो. तिथे करवत चालवायला जागा नाही, ग्राइंडर नेला तर शेजारची लादी फुटते. अशा ठिकाणी मल्टी-टूलला दुसरा पर्याय नाही. जुना फ्लॅट घेऊन एकेक खोली नीट करणाऱ्याने, भाड्याने दिलेल्या घराची डागडुजी स्वतः करणाऱ्याने, गावाकडचं सागवानी घर सांभाळणाऱ्याने ते जरूर घ्यावं. पहिलं यंत्र म्हणून मात्र घेऊ नये. आधी ड्रिल, मग कापायचं एखादं यंत्र, त्यानंतर हे.

ते कापतं कसं

हे समजलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. या यंत्राचं पातं गोल फिरत नाही, जिगसॉसारखं वरखालीही होत नाही. मोटरच्या दांड्यावर किंचित केंद्राबाहेर बसवलेलं बेअरिंग एका दुबेळक्याला हलवतं आणि ते दुबेळकं स्पिंडलला, म्हणजे पातं बसतं त्या दांड्याला, डावी-उजवीकडे झुलवतं. हा झोका फार छोटा असतो, यंत्राप्रमाणे एकूण सुमारे २.८ ते ५ अंश. मिनिटाला असे वीस हजारांच्या आसपास झोके होतात.

आता हिशेब करा. स्पिंडलपासून पात्याचं टोक ६५ मिमीवर आहे आणि झोका २.८ अंशांचा आहे, तर टोक जेमतेम ३.२ मिमी सरकतं. वीस हजार झोक्यांना दात्यांचा वेग सेकंदाला २ मीटरच्या आसपास येतो. चार इंची ग्राइंडरच्या चकतीची कड ११,००० फेऱ्यांना सेकंदाला ५७ मीटरने धावते. म्हणूनच मल्टी-टूल हळू कापतं, आणि म्हणूनच ते झटका देऊन हातातून उसळत नाही. वेग सोडून ताबा घेतला, असा हा सौदा आहे.

या तंत्राचं मूळ दवाखान्यात आहे. हाड मोडल्यावर घातलेलं प्लास्टर कापण्यासाठी जर्मनीतल्या फाइन कंपनीने १९६७मध्ये विजेवर झुलणारी करवत आणली. कडक प्लास्टर जागचं हलत नाही, म्हणून कापलं जातं. खालची मऊ कातडी मात्र त्या छोट्या झोक्याबरोबर स्वतःच हलते, म्हणून वाचते. पुढे फाइनचंच मल्टीमास्टर नावाचं मल्टी-टूल आलं आणि पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या.

दवाखान्यातला हा नियम घरातही लागू होतो: जी वस्तू पात्याबरोबर हलते ती कापली जात नाही. सैल बीडिंग पट्टी, लोंबता पाइप, एकाच खिळ्यावर लटकलेली प्लायची चिंधी यांवर पातं टेकवलं तर नुसता खडखडाट होतो, धूर निघतो, काप पुढे जात नाही. अशी वस्तू आधी क्लॅम्पने, पाचर मारून किंवा दुसऱ्या हाताने लांबून दाबून पक्की करा. पण कातडी वाचते हे दवाखान्यातल्या खास पात्याबद्दल खरं आहे. लाकूड कापायच्या पात्याचे दाते बोट सहज फाडतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

यंत्र निवडताना

वॅटच्या आकड्यापेक्षा झोक्याच्या कोनाकडे आधी बघा. ३.६ अंशांचं यंत्र २.८ अंशांच्या यंत्रापेक्षा प्रत्येक झोक्याला सव्वापटीहून जास्त अंतर कापतं आणि भुसाही चांगला बाहेर ढकलतं. काही कंपन्या हे नावातच सांगतात. बॉशच्या जीओपी ३०-२८ मध्ये ३० म्हणजे ३०० वॅट आणि २८ म्हणजे २.८ अंश. त्याच पद्धतीने जीओपी ५५-३६ म्हणजे ५५० वॅट आणि ३.६ अंश. महिन्यातून एखाद्या रविवारी चालवायचं असेल तर ३०० वॅट आणि २.८ ते ३.२ अंश पुरेसे आहेत. डिवॉल्ट डीडब्ल्यूई३१५ आणि मकिता टीएम३०१०सी ही यंत्रंही याच वर्गातली. घरभर लादी बदलायची आहे, सगळ्या चौकटी कापायच्या आहेत, अशा कामाला मोठा कोन घ्या.

वेग कमी-जास्त करायचं चाक हवंच. ज्या यंत्राला फक्त चालू-बंद बटण आहे ते कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. धातू, प्लास्टिक आणि पॉलिश पेपर या तिन्ही कामांना कमी वेग लागतो आणि पूर्ण वेगात ती तिन्ही बिघडतात.

पातं बसवायची पद्धत ही पुढच्या खर्चाची खरी चावी आहे. एक प्रकार सपाट डोक्याच्या पात्यांचा: मधल्या भोकातून बोल्ट घालून ॲलन-कीने आवळायचा. अशी पाती अनेक कंपन्यांची मिळतात, स्वस्तही असतात. दुसरा प्रकार स्टारलॉक: बॉश आणि फाइन यांनी मिळून आणलेला, वाटीसारखं खोलगट डोकं असलेला. तो घट्ट बसतो आणि ताकद वाया जात नाही, पण सपाट पाती त्यावर चालत नाहीत. स्टारलॉकमध्येही साधा, प्लस आणि मॅक्स अशा तीन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीचं पातं वरच्या यंत्राला बसतं, वरच्या पायरीचं खालच्याला बसत नाही. यंत्र घेण्याआधी आपल्या गावात किंवा नेहमीच्या ऑनलाइन दुकानात त्या पद्धतीची पाती सुटी मिळतात का, हे बघूनच पैसे भरा.

दुकानात यंत्र हातात मिळालं तर पातं न लावता स्पिंडल चिमटीत धरून हलवा. तो झोक्याच्या दिशेने थोडा हलला तर हरकत नाही, पण वरखाली खुळखुळायला नको. मग तीन मिनिटं पूर्ण वेगात रिकामं चालवा आणि पुढच्या डोक्याला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर आतलं बेअरिंग किंवा दुबेळकं हलक्या प्रतीचं आहे, वर्षभरात ते झिजणार.

बॅटरीचं घ्यायचं की वायरचं? त्याच कंपनीची १८ व्होल्टची बॅटरी घरात असेल तरच बॅटरीचं घ्या. ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॅट-तास मावतात. सलग २०० वॅट ओढले तर वीस मिनिटांत ती रिकामी होते. मल्टी-टूलचं काम सलग चालतं, ड्रिलसारखं दहा सेकंदांचं नसतं. एका खोलीचे लादीचे सांधे काढताना दोन बॅटऱ्यासुद्धा कमी पडतात. माळ्यावर, पाण्याच्या टाकीजवळ, गच्चीवर मात्र बॅटरीचंच सोयीचं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथलं वायरचं यंत्र १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावलं की लगेच जळतं. बॅटरीचं यंत्र चालतं, पण चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे का ते आधी वाचून घ्यायला सांगा.

पाती: खरा खर्च इथे आहे

मल्टी-टूल घेऊन निराश झालेल्या बहुतेकांनी यंत्राबरोबर आलेलं एकच पातं सगळ्या कामाला वापरलेलं असतं. बरोबर आलेलं पातं बहुधा साध्या कार्बन स्टीलचं असतं. ते लाकूड, प्लाय, पीव्हीसी यांवर झकास चालतं, पण वाटेत एक खिळा आला की दाते सपाट होतात, आणि त्यानंतर ते पातं लाकूड कापत नाही, जाळतं.

बायमेटल पात्यात लवचिक पोलादी पाठीवर हाय-स्पीड स्टीलच्या दात्यांची पट्टी जोडलेली असते. खिळे असलेलं जुनं लाकूड, ॲल्युमिनियम, तांबं, साधा लोखंडी बोल्ट हे सगळं त्याने होतं. घरासाठी मुख्य पातं हेच. रुंदी ३२ मिमीच्या आसपासची घ्या. याहून रुंद पातं सरळ कापतं, पण भुसा अडकवतं. १० मिमीचं अरुंद पातं कोपऱ्यात शिरतं, पण भरकटतं.

तिसरं कार्बाइड दात्यांचं. महाग आहे, पण एक जागा अशी आहे जिथे दुसरं काही चालत नाही: कडक केलेले स्क्रू. फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनला वापरतात ते काळे ड्रायवॉल स्क्रू वरून कडक केलेले असतात. त्यांच्यावर बायमेटल पातं घातलं तर दाते अर्ध्या मिनिटात जातात. स्टेनलेस स्टीललाही कार्बाइडच वापरा. पाती घेताना रुपये प्रति पातं न बघता रुपये प्रति काप बघा: चार सागवानी चौकटी आणि त्यातले गंजलेले खिळे कापायला साधी तीन-चार पाती मारण्यापेक्षा एक कार्बाइड पातं स्वस्त पडतं.

लादीच्या सांध्यांना दाते नसलेलं, कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे कण चिकटवलेलं अर्धगोल पातं लागतं. सिलिकॉन आणि जुना गोंद खरवडायला पट्टीसारखं स्क्रेपर. एवढं पुरे. वीस-तीस पात्यांचे स्वस्त संच दिसतात, त्यातली निम्मी कार्बन स्टीलची एकाच मापाची असतात. त्याच पैशात दोन चांगली बायमेटल आणि एक स्क्रेपर घेणं शहाणपणाचं.

प्लायमध्ये चौकोन पाडणं

हे काम नीट जमलं की बाकीची बहुतेक जमतात, म्हणून ते सावकाश बघू.

ओट्याखालच्या कपाटाची मागची प्लाय कापून मागच्या सॉकेटपर्यंत पोचायचं आहे असं समजा. आधी त्या भागाचा एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. प्लायच्या मागे भिंत किती अंतरावर आहे ते बघा: एका कोपऱ्यात ६ मिमीचं भोक पाडून त्यातून काडी घाला आणि खोली मोजा. चौकोन गुण्या लावून आखा. सनमाइका असेल तर रेषेवर मास्किंग टेप लावा आणि पट्टी धरून कटर-ब्लेडने रेष दोनदा ओढून घ्या. सनमाइकाचे टवके उडतात ते पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये, पुढे उडत नाहीत.

पात्यावर खोलीची खूण परमनंट मार्करने करा. टेपची खूण थरथरीने दोन मिनिटांत निघून जाते. रेषेला लागून एक जाड, सरळ पट्टी क्लॅम्पने किंवा दोन बारीक स्क्रूने बसवा. पातं तिला टेकून चालेल.

यंत्र दोन्ही हातांनी धरा. पुढचा हात डोक्याच्या मागे ठेवा, म्हणजे हवेच्या झडपा झाकल्या जात नाहीत. आधी सुरू करा, मग टेकवा. टेकवून सुरू केलं तर पातं रेषेवरून उडी मारतं आणि सनमाइकावर ओरखडा पडतो. पात्याची फक्त एक टोकाची बाजू तिरकी टेकवून पूर्ण रेषेवर १-२ मिमी खोल चर पाडा. चारही बाजूंना चर झाला की मग पातं सरळ करून खोल जा.

इथे बहुतेकांचा हात चुकतो. झोका ३ मिमीचा आहे, म्हणजे भुशाचा कणही एका वेळी ३ मिमीच सरकतो. रुंद पातं पूर्ण रुंदीने खोल घुसलं की मधल्या दात्यांसमोरचा भुसा बाहेर येऊच शकत नाही. तो तिथेच दळला जातो, तापतो आणि जळतो. मग माणूस जास्त दाबतो, झोका अडतो, आणि पातं आणखी तापतं. यावर उपाय म्हणजे दाबणं नव्हे, हलवणं: पातं कापात असताना यंत्राची शेपटी हळूहळू डावी-उजवीकडे करत राहा, म्हणजे कधी एक कोपरा कापतो, कधी दुसरा. दर पाच-सहा सेकंदांनी पातं पूर्ण बाहेर काढा, भुसा झडू द्या. दाब एवढाच ठेवा की मोटरचा आवाज रिकाम्या आवाजापेक्षा थोडाच जड होईल. आवाज खाली बसला की दाब जास्त झाला. कापातून तपकिरी धूर आला, किंवा पात्याचं टोक निळं पडलं, तर ते टोक मऊ झालं आहे. त्याला परत धार येत नाही.

१९ मिमी प्लायला तीन टप्पे करा. शेवटच्या टप्प्यात तुकडा सैल होऊ लागतो आणि पात्याबरोबर हलू लागतो. त्याआधीच त्याच्या मध्यभागी एक स्क्रू अर्धवट घालून ठेवा आणि शेवटी तो पकडून तुकडा ताणून धरा, म्हणजे काप पूर्ण होतो आणि तुकडा मागे पडत नाही. या कामाला अर्धगोल पातं वापरू नका. त्याने वरचा काप कोपऱ्याच्या पुढे जातो आणि खालचा अपुरा राहतो.

कापलेल्या कडांना ऑइल प्राइमर किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल लावा. ओट्याखाली ओल असतेच, आणि उघडी कड आधी फुगते.

लादीवर लादी: चौकटीचा पाय कापणं

जुन्या लादीवर नवीन लादी बसवताना कारागीर नवीन लादी चौकटीच्या आकारात कापून बसवतात आणि फट पांढऱ्या सिमेंटने भरतात. दोन पावसाळ्यांत ती फट काळी पडते. चौकटीचा पाय खालून कापून लादी तिच्याखाली सरकवली तर फट उरतच नाही, आणि या कामात मल्टी-टूलच्या तोडीचं दुसरं काही नाही.

नवीन लादीचा एक तुकडा घ्या. त्याखाली चिकटवायच्या थराएवढी, बहुधा ३ ते ५ मिमीची, पुठ्ठ्याची किंवा प्लायची चकती ठेवा. हा गठ्ठा चौकटीला लावून ठेवा आणि त्यावर पातं आडवं टेकवून कापा. मोजमाप करायची गरज पडत नाही, उंची आपोआप बरोबर येते. फक्त पातं डोक्यापासून खाली वाकवलेलं हवं, नाहीतर बोल्टचं डोकं लादीला घासतं. स्टारलॉकची पाती तशीच असतात. सपाट पात्यांमध्ये तसं पातं बघून घ्यावं लागतं.

पूर्ण पाय आरपार कापू नका, लादी १५-२० मिमी आत सरकेल एवढंच कापा. चौकट भिंतीत होल्डफास्टवर (भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्ट्यांवर) धरलेली असते, त्यामुळे एवढ्या कापाने ती खाली बसत नाही. तरी होल्डफास्ट हलत असेल तर आधी तो पक्का करा. सागवानात खिळे लपलेले असतातच, म्हणून बायमेटल किंवा कार्बाइड घ्या. कापून झाल्यावर उघड्या पडलेल्या आडव्या टोकाला वाळवीचं औषध आणि मग प्राइमर ब्रशने आतपर्यंत लावा. लाकडाच्या टोकाकडून पाणी आणि वाळवी दोन्ही सर्वांत आधी शिरतात, आणि लादी बसल्यावर तिथे परत हात पोचत नाही.

बाथरूमचे सांधे काढणं

आधी सांध्याची रुंदी मोजा आणि पाकिटावर पात्याची जाडी बघा. सांधा पात्यापेक्षा किमान अर्धा मिमी रुंद हवा. मोठ्या व्हिट्रिफाइड लाद्या जवळजवळ चिकटून बसवलेल्या असतील तर हे काम मल्टी-टूलने करूच नका, दोन्ही कडांचं ग्लेझ उडेल.

वेग मध्यम, साधारण १० ते १२ हजार झोके. सांध्याच्या मधोमध टेकवा आणि यंत्र स्वतःकडे ओढत न्या, ढकलू नका. ढकलताना पातं कधी लादीवर चढेल ते कळत नाही. एका फेरीत २ मिमी खोल जा. लादीच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जुना ग्राउट, म्हणजे सांध्यातला भराव, काढला की नवीन ग्राउट नीट धरतो. त्याहून खोल जाऊ नका, खाली वॉटरप्रूफिंगचा थर असू शकतो. अर्धगोल पातं भिंतीच्या कोपऱ्यात शेवटचे दोन-अडीच सेंटिमीटर सोडून देतं. ते टोकदार पात्याने किंवा हाताच्या स्क्रेपरने काढा. इपॉक्सी ग्राउट उष्णतेने मऊ होऊन कणांमध्ये भरतो. वेग आणखी कमी ठेवा आणि पातं अडकल्यासारखं वाटलं की ते थंड करून तारेच्या ब्रशने झाडा.

या कामात उडणारी धूळ दिसते त्याहून वाईट असते. सिमेंट-वाळूच्या धुळीतली बारीक सिलिका फुफ्फुसात राहते, बाहेर येत नाही. साधा कापडी मास्क चालत नाही, एन-९५ घाला, चष्मा आणि कानाला इअर-प्लग लावा. दुसऱ्या कोणाला व्हॅक्युमची नळी पात्याच्या मागे धरायला सांगा. काम झाल्यावर सुकं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना तर हे यंत्र लावूच नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

बोल्ट आणि पाइप

कमोडचा गंजलेला बोल्ट कापताना सिरॅमिकवर प्लास्टिकचं जुनं झाकण कापून घाला आणि नट व सिरॅमिक यांच्या मधल्या वॉशरवरून पातं न्या. कमी वेग, हलका हात, दर दहा सेकंदांनी तेलाचा एक थेंब. पूर्ण वेगात लोखंड कापलं तर दाते एका बोल्टमध्येच संपतात.

सीपीव्हीसी पाइप अर्धा इंची असेल तर बाहेरून १५.९ मिमी, पाऊण इंची असेल तर २२.२ मिमी. ३२ मिमीचं पातं दोन्हींना पुरतं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवा, पाइपमधलं पाणी जाऊ द्या. वेग निम्मा ठेवा. जास्त वेगात प्लास्टिक वितळून कापाच्या मागे परत चिकटतं आणि कडेला मणी तयार होतात. ते मणी पॉलिश पेपरने पूर्ण काढल्याशिवाय सोल्युशन लावू नका. नवीन जोड गळण्याचं नेहमीचं कारण हेच मणी असतात. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मात्र हॅकसॉने कापा. मल्टी-टूलने तो कापला जातो, पण पात्याची किंमत पाइपपेक्षा जास्त होते.

पॉलिश पेपर आणि खरवड

त्रिकोणी पॅड कोपऱ्यांसाठी आहे, सपाट फळीसाठी नाही. पॅडचा मधला भाग जवळजवळ हलतच नाही, टोकं हलतात, त्यामुळे मोठ्या फळीवर खाचा पडतात. खिडकीच्या गजांमधली चौकट, खुर्चीच्या पायांचे सांधे, जिन्याच्या कठड्याचे कोपरे यांना मात्र त्याची बरोबरी नाही. एक टोक झिजलं की पेपर काढून १२० अंशांत फिरवून लावा, एक पेपर तीनदा चालतो. वेग मध्यमच ठेवा आणि दाबू नका. दाबलं की पॅडवरचे वेल्क्रोचे आकडे वितळतात आणि मग पेपर धरत नाही. पॅड बदलणं पेपर बदलण्यापेक्षा कितीतरी महाग.

स्क्रेपर जवळजवळ आडवा धरा. बेसिनभोवतीचं सिलिकॉन आधी कटर-ब्लेडने दोन्ही कडांनी सुटं करून घेतलं तर एका फेरीत पट्टी निघते. ॲक्रिलिक टबला स्क्रेपर लावू नका, ओरखडे जात नाहीत.

ही कामं मल्टी-टूलकडून करून घेऊ नका

पावसात फुगून घासणारं दार मल्टी-टूलने छाटायचा मोह होतो. दार बिजागरीवरून उतरवा आणि रंधा मारा. खरं तर दिवाळीपर्यंत थांबा, कारण पावसाळ्यात छाटलेलं दार उन्हाळ्यात सैल होतं. विटेच्या भिंतीत स्विच-बॉक्सचा खड्डा, ग्रॅनाइटच्या ओट्यात सिंकचं भोक, लांबच लांब सरळ काप, जाड लोखंडी अँगल ही सगळी कामं दुसऱ्या यंत्रांची आहेत. सायपोरेक्सच्या मऊ ब्लॉकमध्ये छोटा खड्डा कार्बाइड-कणांच्या पात्याने होतो, तेवढा अपवाद.

बोल्टने आवळायचं यंत्र असेल तर पातं बदलल्यावर पहिल्या दोन मिनिटांनी प्लग काढून बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. तापल्यावर तो किंचित ढिला होतो, आणि ढिलं पातं स्पिंडलवरचे दात खातं. पातं तापलेलं असताना बोटांनी काढू नका, पक्कड वापरा. पीओपी किंवा जिप्समचं काम झालं की झडपांमधली पांढरी धूळ त्याच दिवशी ब्रशने आणि कोरड्या हवेने काढून टाका. जिप्सम दमट हवेत दगडासारखा बसतो आणि मोटरला हवा मिळत नाही. वायरचं यंत्र बाथरूममध्ये चालवणार असाल तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा आणि दर वेळी सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

झिजलेली पाती फेकायची घाई नको. टोक निळं पडलेलं किंवा दाते गेलेलं पातं, खोक्यात वेगळं ठेवून, फेव्हिकॉलचे ओघळ, पुट्टी आणि जुना रंग खरवडायला स्क्रेपर म्हणून चालतं. एकीकडचेच दाते झिजले असतील तर सपाट पातं थोडं तिरकं बसवून दुसरा कोपरा वापरता येतो. नवीन आणि वापरलेली पाती एकाच डब्यात टाकू नका. लाकूड, धातू आणि लादी अशा तीन पिशव्या करा आणि पात्याच्या डोक्यावर मार्करने खूण करा: ज्या पात्याने एकदा धातू कापला आहे, ते परत चांगल्या लाकडावर आणू नका.